पडवीत कोणाला घ्यायचं

कोणी एखादं पॅकेज सुचवायला आलं की मृणाल रोकडे त्याला आधी बसवते, पाणी देते आणि मग विचारते, "कोणाला लागतंय?" समोरचा उत्साहाने सांगायला लागतो की हे नवीन आहे, जगभर गाजतंय, फार ताकदवान आहे. मृणाल सगळं ऐकून घेते. त्याचं बोलून झालं की पुन्हा तेच विचारते, "हो, पण लागतंय कोणाला? नाव सांग. राहतो कुठे?" चांगल्या चांगल्या इंजिनिअरांची या प्रश्नापुढे बोबडी वळलेली आहे.

हे पॅकेज प्रकरण आधी सांगायला हवं. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतले नऊ जण मिळून 'पडवी' नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवतात. कॉम्प्युटर सुरू केल्यावर समोर जे काही येतं आणि ज्याच्या जोरावर पुढचं सगळं चालतं, ते म्हणजे पडवी. मराठीत आहे, फुकट आहे, कोणीही घ्यावी, उघडून बघावी, बदलावी. पाया लिनक्सचा, म्हणजे जगभरच्या लोकांनी हौसेने बांधलेला. त्या पायावर चढवायला तशीच फुकटची साठ हजार पॅकेजं, म्हणजे तयार प्रोग्राम, पडलेली असतात. पत्र लिहायचं, चित्र काढायचं, गणित शिकायचं, छापायचं, खेळायचं, एकेका कामाला वीस वीस. त्यातली पडवीत कुठली घ्यायची आणि कुठली ठेवायची बाहेर, हे मृणाल ठरवते.

आता साठ हजारांतली वाटेल तितकी घ्यावीत, असं कोणी म्हणेल. पण पडवी जाते कुठे ते बघा. वाचनालयं, विहारांतल्या अभ्यासिका, दोन-चार शाळा, अशी एक्केचाळीस ठिकाणं. तिथले कॉम्प्युटर कुठल्या तरी ऑफिसने टाकून दिलेले. त्यातले निम्मे इतके जुने की पेनड्राइव्हला ओळख देत नाहीत, त्यांना डीव्हीडीच लागते. म्हणून अख्खी पडवी एका डीव्हीडीत बसली पाहिजे हा पहिल्यापासूनचा शिरस्ता. दाबून बसवली तर बाराशे पॅकेजं बसतात. एक आत आलं की दुसऱ्याला उठावं लागतं.

कोणाला उठवायचं, हे ठरवण्याची मृणालची रीत जगावेगळी आहे. तिच्या यादीत प्रत्येक पॅकेजासमोर एका जित्या माणसाचं नाव असतं. ते पॅकेज ज्याला लागतं, असं निदान एक माणूस. मृणाल स्वतः जाऊन त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसते आणि तो काम करताना बघते. मग नाव चढतं. आणि पॅकेज काढायचं झालं तर पुन्हा जाऊन त्या माणसाला तोंडावर सांगायचं. हे दुसरं कलम पहिल्यापेक्षा अवघड आहे. ज्यांनी कधी कोणाला तोंडावर नाही म्हटलंय त्यांना ते वेगळं सांगायला नको.

पत्त्यांचा एक साधा खेळ यादीत आठ वर्षं आहे. तो पाहून नवे लोक नाक मुरडतात. त्याच्यासमोर शहाडच्या एका आजींचं नाव आहे. आजी माउस धरायला त्या खेळावर शिकल्या आणि आज वाचनालयाची सगळी पुस्तकं कॉम्प्युटरवर चढवतात. एक भारीतलं व्हिडिओ कापायचं पॅकेज मात्र बाहेर गेलं, कारण ज्याने ते लावून धरलं होतं त्याने स्वतःच वर्षभर उघडलं नव्हतं. मृणाल त्याच्या घरी गेली, त्याच्याच कॉम्प्युटरवर त्यालाच ते उघडायला सांगितलं आणि त्याला ते सापडेना. ती हसली नाही, हे विशेष. मी असतो तर हसलो असतो.

ही रीत तिने घेतली आबांकडून. आबा म्हणजे तिचे वडील. कल्याणजवळच्या मोहन्याच्या रेयॉन कंपनीत स्टोअरच्या खिडकीवर त्यांनी उभी हयात काढली. कोणी चिठ्ठी पाठवून हातमोजे मागवले तर आबा चिठ्ठी परत पाठवायचे. ज्याला घालायचे त्याने स्वतः यायचं, माप बघूनच देणार. लोक चिडायचे, पण आबांच्या खिडकीतून गेलेला मोजा कधी कोणाला सैल झाला नाही. कंपनी बंद पडून जमाना झाला. आबा ऐंशीला टेकले आहेत आणि मुलगी करते काय, असं कोणी विचारलं तर सांगतात, "स्टोअरलाच आहे."

खरं तर पोटापाण्यासाठी मृणाल ठाण्यात खोपटला एका पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळते. आयटीआयचा एक वर्षाचा कोर्स, एवढंच तिचं कॉम्प्युटरचं शिक्षण. कल्याणहून ती खोपटची एसटी पकडते. एसटीत बसायला मिळतं आणि मांडीवर लॅपटॉप उघडता येतो, म्हणून. पडवीची अर्धी यादी त्या एसटीत झालेली आहे आणि कंडक्टर लोक तिला 'कॉम्प्युटरवाल्या मॅडम' म्हणून मागची खिडकी राखून ठेवतात.

इतकी चोख बाई. तिच्या हातून चूक कशी झाली, तेच आता सांगायचंय.

अकराव्या पडवीची तयारी चालली होती. त्या वेळी यादीत त्रेसष्ट पॅकेजं अशी निघाली की त्यांच्यासमोरची नावं जुनी झाली होती. कोणी गाव सोडलं, कोणी वारलं, कोणाचं काम बदललं. त्यांचं पुढे काय करायचं? रीतीप्रमाणे त्रेसष्ट ठिकाणी जायला हवं होतं. पायाला भिंगरी बांधून फिरणारी बाई, गेलीही असती. पण आबांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं त्याच दोन महिन्यांत आली.

"मृणाल, तू किती फिरणार?" शौनक म्हणाला. शौनक आपटे हा डोंबिवलीचा, मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या पदावर. पडवीचा पाया त्यानेच घातलेला. हुशारीला तोड नाही, कामात नाकावर माशी बसू देत नाही. "आपण स्क्रीनवरच विचारू ना. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की सूचना येईल, हा प्रोग्राम तुम्ही वापरता का, हो की नाही. आठ आठवडे ठेवू. ज्याला एकही हो नाही, तो बाहेर."

मृणालला ते पटलं नव्हतं. पण ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला सोय पटते. ती हो म्हणाली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. आठ आठवड्यांनी निकाल आला तेव्हा बावीस पॅकेजांना एकही हो मिळाला नव्हता. त्यात 'बोटचाल' नावाचा मराठी टायपिंग शिकवणारा एक जुना प्रोग्राम होता. चौदा वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या कोणी टायपिंगच्या मास्तरांनी लिहिलेला. ज्या लायब्ररीवर, म्हणजे ज्या तयार सामानावर तो उभा होता, ती लायब्ररी जगाने केव्हाच सोडून दिली होती. मास्तरांना पाठवलेली मेल परत आली. टायपिंग शिकवायला दुसरं नवं पॅकेज होतंच. मृणालने बावीसही नावांवर काट मारली.

नवी पडवी सगळीकडे जाण्याआधी महिनाभर मोहन्याच्या विहारातल्या अभ्यासिकेत लावून बघायची, अशी मृणालची पद्धत आहे. आपल्या माणसांनी शिव्या दिल्या तरी चालतात, म्हणून. या वेळी अभ्यासिकेला सहा बरे कॉम्प्युटर देणगीत मिळाले होते. जुने सहा शनिवारी टेम्पोत घालून भंगारात गेले. रविवारी सकाळी मृणालने नव्या सहांवर अकरावी पडवी चढवली आणि चहाला बाहेर जाणार, तोच पायल आली.

पायल चोवीस-पंचवीसची. मोहन्याचीच, विहाराच्या मागच्या चाळीतली. मृणाल तिला येता-जाता बघायची, पण फारशी ओळख नव्हती. पायलने कोपऱ्यातला कॉम्प्युटर सुरू केला, इकडेतिकडे शोधलं आणि मग दबकत विचारलं, "ताई, ते बोटचाल कुठे गेलं?"

"ते जुनं झालं गं. हे बघ, नवीन कसलं मस्त आहे." मृणालने नवा प्रोग्राम उघडून दिला. पडद्यावर दोन रंगीत हात आले, दहा बोटं, दहा रंगांची. कुठल्या बोटाने कुठलं अक्षर, सगळं चित्रात.

पायलने आपला उजवा हात ओढणीखालून काढला आणि टेबलावर ठेवला. करंगळी नव्हती आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. सातवीत असताना मामाच्या रसवंतीच्या चरकात गेली होती.

मृणाल जे नेहमी करते ते तिने केलं. स्टूल ओढलं आणि बसली.

पायलने सगळं सांगितलं. वडील सरकारी ऑफिसात शिपाई होते, नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला क्लार्क-टायपिस्ट म्हणून घेतलं. घरात आई आणि दोन भाऊ, दोघंही शिकतायत. पण अट अशी की ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्द. नाही झाली तर नोकरी गेली. दोन बोटांना सूट मिळत नाही, कागदावर तेवढं अपंगत्व भरत नाही. ती दोनदा नापास झाली होती. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती, सहा आठवड्यांवर.

"क्लासमध्ये सर बोलले, तुझ्याने नाही व्हायचं. 'स' आणि 'य' ह्याच दोन बोटांवर येतात ना. माझ्या नावातच 'य' आहे, ताई." ती हसली. "बोटचाल पहिल्याच पानावर विचारतो, तुमची कुठली बोटं चालतात. आपण सांगायचं. मग तो सगळी अक्षरं आहेत त्या बोटांना वाटून देतो आणि तसेच धडे देतो. बावीसवर होते मी, चार महिन्यांत सव्वीसवर आले."

"अगं, मग सकाळी स्क्रीनवर विचारत होता तेव्हा हो का नाही दाबलंस?"

"काय विचारत होता?"

दारातून गुणाजी आत आले. अभ्यासिका गुणाजी सांभाळतात. पहाटे येऊन झाडतात, पाणी भरतात, कॉम्प्युटर सुरू करून ठेवतात. इतका नेटका माणूस शोधून सापडायचा नाही. मृणालने त्यांनाच विचारलं.

"ती सूचना होय? ती मीच बंद करायचो की," गुणाजी अभिमानाने म्हणाले. "रोज यायची मेली. सहाही ठिकाणची बंद करायचो, पोरं यायच्या आत. अभ्यासिकेत जाहिरात नको, असं कमिटीने सांगून ठेवलंय. भिंतीवरची पत्रकं काढतो, तशी हीपण काढली. एक दिवस खाडा नाही केला."

आता या माणसावर रागावणार कसं? मृणाल रागावली ती स्वतःवर. आठ आठवड्यांत ती एकदा जरी या स्टुलावर येऊन बसली असती तर पायल तिला दिसली असती. पायल बसायची त्या कोपऱ्यापासून मृणालचं घर चालत सात मिनिटं.

तिने तिथल्या तिथे जुनी पडवी चढवून पाहिली. नव्या मशीनांवर ती सुरूच होईना. भंगारवाल्याला फोन केला, तर जुने डबे फोडूनही झाले होते. जवळच्या शहाड, टिटवाळ्याच्या वाचनालयांत अजून जुनी पडवी होती, पण ती सहाला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. पायल ऑफिसातून सुटते सहाला. सगळे रस्ते चाचपून झाल्यावर मृणाल म्हणाली, "पायल, ही माझी चूक आहे. मी बघते." काय बघणार होती ते तिलाही माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी डोंबिवलीला शौनककडे बैठक होती. मृणालने उभं राहून सगळं सांगितलं. मखलाशी नाही, आबांच्या डोळ्यांची सबब नाही. नियम मी केला, मीच मोडला, असं म्हणाली आणि बसली.

शौनकलाही वाईट वाटलं, पण तो शौनक होता. "जुनी लायब्ररी परत घेता येणार नाही, मृणाल. तिच्यात इतकी भोकं आहेत की कोणीही बाहेरून आत शिरेल. एका माणसासाठी एक्केचाळीस ठिकाणं धोक्यात घालायची का?"

"नाही घालायची. बोटचाल नव्या लायब्ररीवर आणून बसवू."

"सहा हजार ओळी आहेत. कोण बसवणार?"

"मी."

सगळ्यांनी चहाच्या कपात बघितलं. मृणालने आजवर चाळीस ओळींपलीकडे प्रोग्राम लिहिला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. तिला तर होतंच. शेवटी ठरलं की अकरावी पडवी वीस दिवसांनी बाहेर पडणार, तारीख हलणार नाही. तोवर बोटचाल चालला तर आत, नाही तर बाहेर.

ते वीस दिवस मृणालने कसे काढले ते एसटीच्या कंडक्टरांना विचारा. जाताना प्रोग्राम, येताना प्रोग्राम, लॅबमध्ये डबा खाता खाता प्रोग्राम. पुस्तकं उघडली, परदेशातल्या अनोळखी लोकांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारले. चार शिकवणारे भेटले, एक हसणारा भेटला. तिने त्या पाचव्यालाही धन्यवाद लिहिले. आबांना डोळ्यांत थेंब घालता घालता ती ओळी पुटपुटायची आणि आबा विचारायचे, "माप मिळालं का?"

एक गोष्ट मात्र तिला बळ देत होती. साताऱ्याच्या मास्तरांनी सहा हजार ओळींत जागोजागी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. 'इथे वेग मोजू नये, मूल घाबरते.' 'ज्याला जे बोट आहे ते त्याचे पहिले बोट समजावे.' 'चूक झाल्यास आवाज करू नये, शेजारी ऐकतात.' मृणालने त्या मास्तरांना कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही. पण एका टिपेपाशी एसटीत तिचे डोळे भरून आले आणि खोपट आल्याचं कळलंच नाही.

इकडे पायल थांबली नव्हती. गुणाजींनी एका पुठ्ठ्यावर कीबोर्ड आखून दिला होता, अक्षरं रंगवून. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत ती पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. गुणाजींनी झालेलं मनाला फार लावून घेतलं होतं. येईल त्याला विचारायचे की कॉम्प्युटरवर काही सूचना आली का, आली तर मला दाखव, मी बंद करणार नाही.

सोळाव्या दिवशी बोटचाल उघडला. उघडला, आणि पहिल्या पानावर एखाद्या बोटाला 'नाही' म्हटलं की धाडकन बंद पडायचा. दहाही बोटं आहेत असं खोटं सांगितलं तर उत्तम चालायचा. सतरावा दिवस त्यात गेला, अठरावा गेला. एकोणिसाव्या दिवशी सरकारी सुट्टी होती. मृणालने शौनकला फोन केला. फार बोलली नाही. "तू मोहन्याला ये," इतकंच म्हणाली.

शौनक आला. नऊ वर्षांत पडवीच्या एक्केचाळीस ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी तो गेला नव्हता. वाईट माणूस नव्हे, पण कॉम्प्युटरच्या अलीकडे बसणारा माणूस बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. मृणालने त्याला लॅपटॉप उघडू दिला नाही. आधी पायलशेजारच्या स्टुलावर बसवलं.

पायल त्या नव्या, रंगीत, दहा बोटांच्या प्रोग्रामवर सराव करत होती. दुसरं होतंच काय? 'स' आला की तिचं मधलं बोट उडी मारून जायचं, परत यायला उशीर व्हायचा आणि प्रोग्राम टुणकन आवाज करून लाल फुली दाखवायचा. तासाभरात शेकड्याने फुल्या आल्या. पायल एकदाही थांबली नाही. शौनक बघत राहिला. हा रंगीत प्रोग्राम त्यानेच सुचवलेला होता.

"हा दर वेळी आवाज करतो?" त्याने हळूच विचारलं.

"हो. सवय झाली आता," पायल म्हणाली.

शौनकने लॅपटॉप उघडला. चष्मा कपाळावर सरकवून तो अर्धा तास एका जागी बसला. मृणालला तीन दिवस जी गोम सापडत नव्हती ती त्याला सापडली. हुशारी ती हुशारी, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पायलने दोन बोटांना 'नाही' म्हटलं आणि बोटचालने शांतपणे पहिला धडा समोर ठेवला.

आता पंचाईत वेगळी झाली. नवी लायब्ररी धरून बोटचालला चाळीस एमबी जादा लागत होते आणि डीव्हीडी शिगोशीग भरली होती. कोणाला तरी उठवावं लागणार होतं. मृणालने यादी उघडली, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, प्रत्येक नावापाशी तिला एकेक चेहरा दिसत होता. शौनकने तिच्या हातातून माउस घेतला आणि ग्रहतारे दाखवणाऱ्या एका पॅकेजवर काट मारली. त्याच्यासमोर नाव होतं शौनक आपटे. नऊ वर्षांत त्या पॅकेजाला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती.

"मला गच्ची आहे," तो म्हणाला. "तिथून दिसतात."

मृणालला त्या क्षणी तो सख्ख्या भावासारखा वाटला, असं तिने नंतर आबांना सांगितलं.

अकरावी पडवी ठरल्या तारखेला बाहेर पडली. परीक्षेला पंधरा दिवस होते. गुणाजी पायलसाठी पहाटे साडेपाचला अभ्यासिका उघडायला लागले. रविवारी मृणाल शेजारी बसायची आणि पायल अडखळली की बोटचालमध्ये जागच्या जागी दुरुस्ती करायची. सत्तावीस झाले, अठ्ठावीस झाले, मग आठवडाभर अठ्ठावीसच. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकोणतीस. तीस काही दिसला नाही. पायल परीक्षेला गेली तेव्हा मृणाल लॅबमध्ये होती आणि त्या दिवशी तिने तीन रिपोर्टांचे प्रिंट दोनदा काढले.

निकाल यायला दीड महिना गेला. त्या दीड महिन्यात मृणालने पायलला एकदाही काही विचारलं नाही. विचारून धीर थोडाच येतो.

एका रविवारी पायल निकालाचा कागद घेऊन अभ्यासिकेत आली. पास होती. मृणालने कागद दोनदा वाचला, गुणाजींनी तो उलटा धरून वाचला. आत पोरं अभ्यास करत होती म्हणून कोणाला मोठ्याने बोलता येईना. पायल मृणालच्या कानाशी वाकली.

"ताई, एक बोलू? माझं झालं आता. तो बोटचाल काढलात तरी चालेल. शौनकसर बोललेले ना, डीव्हीडीत जागा नसते. दुसऱ्या कोणाचं तरी काहीतरी बसेल तिथे."

नऊ वर्षं माणसं मृणालकडे येत होती आणि सगळी एकच सांगत होती, आमचं ठेवा. शिकलेली, सुखवस्तू, दहा बोटांची माणसं. माझं काम झालं, आता दुसऱ्याला बसू द्या, असं म्हणणारं तिला पहिल्यांदाच कोणी भेटत होतं. आणि ते म्हणणाऱ्या मुलीची नोकरी त्या चाळीस एमबींवर टिकली होती. मृणालला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने फुटलं. सगळ्या पोरांनी पुस्तकांतून माना वर केल्या आणि गुणाजींनी कोणाला काही म्हटलं नाही.

"काय झालं ताई? काही चुकीचं बोलले का मी?"

मृणालने डोळे पुसले. "नाही काढणार मी," ती म्हणाली.

"अहो, पण आता कोणाला लागतंय ते?"

"मला," मृणाल म्हणाली. "मला लागतंय."